खोताच्या वाडीचा हेरिटेज वॉक (गिरगाव): जिने आणि ओटे बघायचे असतील तर नक्की जा

मुंबईत गिरगावातल्या खोताच्या वाडीचा, म्हणजे जुन्या घरांच्या एका अरुंद गल्लीचा, गाईडेड वॉक करून आले, त्याबद्दल सविस्तर लिहितेय, कारण बुक करण्याआधी मी रिव्ह्यू शोधले तेव्हा सगळीकडे "कलरफुल घरं, भारी फोटो, ख्रिसमसला जा" एवढंच सापडलं. तिथे जाऊन नेमकं बघायचं काय हे कुणी धड लिहिलंच नव्हतं. स्टार द्यायचे तर ५ पैकी ४. वॉक घेणाऱ्या ग्रुपचं नाव मुद्दाम टाकत नाही, असे वॉक बरेच जण घेतात आणि मला जे म्हणायचंय ते जवळपास सगळ्यांनाच लागू पडेल. आमची गाईड एक तरुण आर्किटेक्ट होती आणि तिच्यामुळेच हे ४ स्टार आहेत, कारण तिने पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं की भिंतींच्या रंगांकडे नंतर बघा, आधी जिना कुठे आहे ते बघा. सुरुवातीला कळलं नाही ती असं का म्हणतेय, पण शेवटपर्यंत तेच सूत्र धरून ती बोलली आणि मला खरंच वाटतं की या गल्लीत शिरायची हीच बरोबर वाट आहे.

पोचायला काही त्रास नाही. चर्नी रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत या, नाहीतर आता मेट्रो ३चं गिरगाव स्टेशन झालंय तेही जवळच आहे. जगन्नाथ शंकरशेठ रोडवर सेंट तेरेसा चर्चची खूण धरायची, कुणालाही विचारलं तरी सांगतात. एका टोकाला हा रोड आणि मागे व्ही. पी. रोड, दोन्हीकडे बसेस टॅक्सी हॉर्न सगळं चालू असतं आणि मधे ही वाडी. आत चारचाकीचा प्रश्नच नाही, दोन माणसं समोरासमोर आली तर कुठे कुठे एकाला अंग चोरावं लागतं. गाडी घेऊन येऊ नका, पार्किंग शोधण्यात अर्धा वॉक जाईल.

आता इतिहास. गाईडने तो पंधरा मिनिटांत उरकला, मला अजून चाललं असतं. गिरगाव म्हणजे मूळचा माडांच्या वाड्यांचा भाग, शहर कोटाच्या आत होतं आणि इकडे नुसती झाडं, विहिरी आणि तुरळक वस्ती. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे इथली जमीन खोत आडनावाच्या एका पाठारे प्रभू कुटुंबाकडे होती, त्यांनी तिचे तुकडे पाडून ते मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिश्चन कुटुंबांना दिले आणि त्यातून ही वाडी उभी राहिली. म्हणजे जमीन एका हिंदू मराठी घराण्याची, घरं बांधणारे ख्रिश्चन मराठी, आणि पुढे आजूबाजूला हिंदू कुटुंबंही राहायला आली. ही सरमिसळ कुणी ठरवून घडवलेली नाही, ती जमिनीच्या व्यवहारातून आली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

ईस्ट इंडियन लोकांबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ असतो, आमच्या ग्रुपमध्येही एकाने त्यांना गोवन म्हटलं. हे लोक मुंबई, साष्टी, वसई, ठाणे इथले मूळचे, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिश्चन झालेले, घरात मराठी बोलणारे, त्यांची म्हणून एक खास मराठी आहे. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी ख्रिश्चन मंडळी मुंबईत यायला लागली, त्यांच्यापेक्षा आपण इथलेच आहोत हे दिसावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. माझ्यासोबत माझी मावशी आली होती, तिचं माहेर गिरगावातलं, ती म्हणाली आमच्या शाळेत या वाडीतल्या मुली होत्या आणि त्या आमच्यापेक्षा जास्त ठसक्यात मराठी बोलायच्या. गाईड लगेच म्हणाली, "मावशी, तुम्हीच सांगा ना पुढचं." आणि मग मावशी सुटलीच.

आता माझा मुख्य मुद्दा. या गल्लीला सर्रास "पोर्तुगीज घरं", "मुंबईतलं छोटं पोर्तुगाल" असं काय काय म्हणतात, वॉकच्या जाहिरातीतही तेच होतं. पण हिशोब बघा, पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना द्यायचं ठरलं १६६१च्या लग्नाच्या तहात आणि प्रत्यक्ष ताबा गेला १६६५ला. वाडी वसली त्याच्या शंभराहून जास्त वर्षांनी, चक्क इंग्रजी अमलात. मग ही घरं पोर्तुगीजांनी बांधली असं कसं होईल? वळण पोर्तुगीज आहे हे खरं, ते वसई आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून लोकांच्या सवयीतून आलंय, पुढचा मोठा मोकळा व्हरांडा, रंगीत भिंती, दारावरची नक्षी हे सगळं तिकडचं. पण उंच जोतं, पुढचा ओटा, सागवानी खांब, उतरतं कौलारू छप्पर, मागचं अंगण हे तर कोकणातल्या कुठल्याही घरात बघायला मिळतं! आमच्या गाईडने हे फार छान सांगितलं, की हे घर आधी पावसासाठी आणि उकाड्यासाठी बांधलंय, मग देखाव्यासाठी. जाहिरात लिहिणाऱ्याने तिचंच ऐकायला हवं होतं.

तर जिना. खोताच्या वाडीतल्या जुन्या घरांचा वरच्या मजल्याचा जिना घराच्या बाहेर असतो. आतून नाही, बाहेरून, व्हरांड्याच्या बाजूने भिंतीला लागून वर जाणारा. खालच्या दोनतीन पायऱ्या दगडी, कारण पावसाचं पाणी गल्लीतून वाहतं आणि लाकूड कुजू नये म्हणून, तिथून वर लाकडी. एका घराशी आम्ही बराच वेळ थांबलो होतो, त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीचा मधला भाग झिजून खोलगट झाला होता आणि कडा तशाच शाबूत, कठड्याचा वरचा दांडा हात लागून लागून गुळगुळीत काळा पडलेला. वर गेल्यावर छोटा सज्जा, तिथूनच झोपायच्या खोल्यांना दार. गाईड म्हणाली याचे दोन फायदे, एक म्हणजे आतली जागा जिन्यात जात नाही आणि दुसरं म्हणजे घर सहज वाटता येतं. मुलगा लग्न होऊन वर राहिला तर त्याचं येणं जाणं स्वतंत्र, भाडेकरू ठेवला तर तो खालच्या घरातून जात नाही. आणि मी त्यात अजून एक म्हणेन, वरून उतरणारा माणूस थेट गल्लीत उतरतो, मग येता जाता कुणाशी तरी बोलणं होतंच. मावशीने लगेच चाळीचा दाखला दिला, की चाळीत कॉमन जिना आणि कॉमन गॅलरी त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत, इथे जिना ज्याचा त्याचा पण सगळे जिने एकाच गल्लीत उतरतात त्यामुळे इथेही माहीतच असणार.

खिडक्यांकडे नीट बघा. पाखं दोन भागांत, खालच्या भागात आडव्या लाकडी पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध एक उभी काठी, ती काठी खाली ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडतात, वर ढकलली की मिटतात. उन्हं आत येत नाहीत, वारा येतो, आतल्या बाईला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. वरच्या भागात कुठे कुठे रंगीत काचा. पाचसहा घरं सोडून एका घरात हीच खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती बसवली होती आणि वर एसीचं आउटडोअर युनिट. त्या घराला मी नावं ठेवणार नाही, लाकडी खिडकी दुरुस्त करणारा सुतार आता मिळणार कुठून आणि सागवानाचा भाव काय झालाय हे ज्याचं त्यालाच माहीत. पण दोन खिडक्या एकाच गल्लीत बघितल्या की कळतं की काय गेलं.

छपराबद्दल तर मला बिलकुल माहीत नव्हतं. आपण सरसकट मंगलोरी कौलं म्हणतो, पण ती यंत्रावर केलेली चपटी एकमेकांत अडकणारी कौलं बेसल मिशन या ख्रिश्चन मिशनरी संस्थेने मंगळूरला १८६५ साली कारखाना काढल्यावर आली. त्याआधी नळीची गोल देशी कौलं होती, ती माकडांनी, मांजरांनी, वाऱ्याने सरकायची आणि दरवर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागायची. म्हणजे वाडी वसली तेव्हाची छपरं आज दिसतात तशी नव्हतीच. गाईडने पिशवीतून एक फुटकं कौल काढून दाखवलं, त्याच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते सगळ्यांच्या हातात फिरवलं. माहितीपत्रकापेक्षा असल्या गोष्टीच लक्षात राहतात. आणि छपराच्या कडेला जी कोरलेली लाकडी झालर असते ना, ती लांबून एकसारखी दिसते पण जवळून बघितलं तर मधेच एखाद्या फळीचं नक्षीकाम वेगळं, थोडं ठोकळेबाज, ती दुरुस्तीची फळी. एका झालरीत मला अशा तीन वेगळ्या फळ्या सापडल्या, म्हणजे तिघा सुतारांचे हात एकाच कडेला. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना हे शोधायला लावा, मजा येते.

आता घरांपेक्षा गल्ली. हे माझं स्वतःचं मत आहे, गाईडचं नाही. वाडीतलं एकेक घर सुटं काढून बघितलं तर सुंदर आहे पण अचाट काही नाही, अशी घरं वांद्र्याच्या रनवारमध्ये आहेत, माझगावच्या माथारपाखाडीत आहेत. इथली खरी किंमत घरांच्या मधल्या जागेत आहे. घरं एक मजली दोन मजली, गल्ली अरुंद, त्यामुळे दुपारभर सावली, वर आकाश दिसतंच. ओटा गल्लीकडे उघडा, म्हणजे घरातला माणूस बसल्या जागी गल्लीत असतो आणि गल्लीतला माणूस दोन पायऱ्यांवर घरात. वळणं अशी की पुढचं घर एकदम दिसत नाही, एक कोपरा संपला की दुसरं काहीतरी समोर येतं. याच गल्लीत मधेच एक टोलेजंग इमारत आली की फक्त एक घर जात नाही, शेजारच्या चार घरांची सावली, वारा, ओट्यावर बसायचं कारण, सगळंच जातं. वाडीत एका ठिकाणी उभं राहून मान वर केली की हे समजायला कुणी गाईड लागत नाही.

गल्लीत क्रॉस आणि प्रार्थनेची छोटी जागा आहे, फुलं मेणबत्त्या असतात, तिथे गाईडने प्लेगचा विषय काढला. १८९६ला मुंबईत प्लेग आला तेव्हा ख्रिश्चन वस्त्यांमध्ये जागोजागी क्रॉस उभे राहिले, लोक चर्चपर्यंत जाण्याऐवजी आपल्याच गल्लीत प्रार्थना करायचे. त्या प्लेगनंतर १८९८ला शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था आली आणि तिने दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. गिरगावच्या आसपासच हे सगळं चाललं होतं. नकाशावर बघितलं तर खोताची वाडी त्यातून वाचली याचं नवल वाटतं. हा भाग गाईडने उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगितला, नकाशा हातात दिला असता तर दुप्पट कळलं असतं. आयोजकांनी एक साधा छापील नकाशा द्यावाच.

मग घरं का पडली? वाडीत एकेकाळी साधारण ६५ घरं होती, त्यातली आता निम्मीही राहिलेली नाहीत. यावर वॉकमध्ये जे बोलणं झालं ते मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. नुसतं "बिल्डर लोक वाईट" असं म्हणून गाईडने हात झटकले नाहीत. १९४७चा भाडे नियंत्रण कायदा, त्याने भाडी १९४०च्या पातळीला गोठली, पुढे कायदे बदलत गेले पण भाडेकरू असलेल्या जुन्या घरांत मालकाच्या हातात येणारी रक्कम एका छपराच्या दुरुस्तीलाही पुरत नाही. घराचे वारस वाढतात, त्यातले अर्धे बाहेर गेलेले, एकेका निर्णयाला सगळ्यांच्या सह्या लागतात. आणि पलीकडे जमिनीचा भाव दक्षिण मुंबईचा. १९९५ला मुंबईत हेरिटेज नियमावली आली, भारतात असं पहिल्यांदाच झालं, ग्रेड १, २, ३ अशी वर्गवारी, आणि एकेका इमारतीशिवाय अख्खा परिसर जपायची सोयसुद्धा त्यात आहे. पण यादीत नाव आलं म्हणून कौलं बदलायला पैसे येत नाहीत. मालकाला तुम्ही तोडू नका म्हणायचं आणि दुरुस्तीचा खर्चही त्यानेच करायचा, हे किती दिवस चालणार? जे लोक अजून तिथे राहून स्वतःच्या खिशातून घर उभं ठेवतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांचं घर इथलंच, वाडी वाचवण्यासाठी ते वर्षानुवर्षं बोलत आलेत, आणि त्यांच्यासारखेच पण ज्यांची नावं पेपरात येत नाहीत असेही कितीतरी असतील.

आता कापलेला स्टार. ग्रुप फार मोठा होता, पंचवीसेक माणसं, आणि गाईडच्या गळ्यात छोटा स्पीकर. सकाळची वेळ, लोकांच्या खिडक्या गल्लीपासून हातभर अंतरावर, आणि आम्ही घोळका करून स्पीकरवर त्यांच्याच घराची चर्चा करतोय. एका खिडकीच्या पट्ट्या आमच्यासमोर मिटल्या. मला त्या क्षणी तिथून निघून जावंसं वाटलं. वर आमच्यातल्या दोघींनी कुणाच्या तरी ओट्यावर चढून, दाराला टेकून फोटोशूट चालू केलं, वाळत घातलेले कपडे बाजूला सारले. "फोटोग्राफीला मनाई" अशा पाट्या तिथे उगाच लागलेल्या नाहीत! गाईडने त्यांना सांगितलं पण दबकत, पैसे भरून आलेले लोक ना. आयोजकांनी हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहायला पाहिजे, बाराच्या वर माणसं घेऊ नयेत आणि स्पीकर बंद करून कानातले रिसिव्हर द्यावेत, आता मिळतात तसे. माणशी १०० रुपये जास्त घ्या हवं तर. वॉकच्या फीतला काही भाग वाडीतल्या एखाद्या दुरुस्तीला जातो का असं मी विचारलं, तर गाईड नाही म्हणाली. जायला हवा. आपण त्यांच्या घरांच्या जिवावर वॉक चालवतोय.

खाण्याचा भाग जाहिरातीत मोठा होता, प्रत्यक्षात वाडीतल्या आयडियल वेफर्समधून वेफर्स घेतले आणि संपलं. वेफर्स उत्तम, ताजे, दोन पाकिटं घरी आणली. अनंताश्रम नावाची जुनी खानावळ याच वाडीत होती हे मावशीने सांगितलं, माशांचं जेवण, वाढणाऱ्यांचा दरारा, सगळं, पण ती बंद होऊन आता जमाना झाला. ईस्ट इंडियन बॉटल मसाल्यावर मात्र गाईड दोन वाक्यं बोलून पुढे गेली हे मला पटलं नाही. उन्हाळ्यात बायका एकत्र येऊन ढीगभर मसाले भाजतात कुटतात आणि बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरून वर्षभर ठेवतात, हे काम होतं ते याच अंगणांत आणि याच ओट्यांवर. घराची रचना आणि घरातलं काम इतकं जोडलेलं असताना ते तिथेच उभं राहून सांगायला हवं होतं.

शेवटी केशवजी नाईकांच्या चाळीपर्यंत नेतात, १८९३ला लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणपती बसला ती चाळ. वॉकमध्ये ही भर चांगली आहे, कारण वाडीतून थेट चाळीत गेल्यावर गिरगावातली राहणीची दोन रूपं लागोपाठ दिसतात, एकीकडे ओटा आणि स्वतःचा जिना, दुसरीकडे लांबच लांब गॅलरी आणि मधलं मोकळं आवार. पण तोपर्यंत सगळे दमलेले असतात, अर्धे लोक मोबाईलमध्ये. माझं मत विचाराल तर चाळींचा वॉक वेगळा ठेवा आणि वाडीला तो वेळ द्या.

जाणार असाल तर शक्यतो शनिवार सकाळ घ्या, रविवारी लोक चर्चमध्ये प्रार्थनेला (मिसला) जायच्या गडबडीत असतात आणि आपण त्यांच्या वाटेत उभे राहतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चांदण्या, येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे, रोषणाई असते पण गर्दी इतकी की जिने आणि झालरी काही दिसणार नाहीत, नुसती डोकी दिसतील. पावसाळ्यात फरशी निसरडी होते, चांगली पकड असलेले बूट घाला. बसायला कुठे सोय नाही आणि कुणाच्या ओट्यावर न विचारता बसायचं नाही, त्यामुळे वयस्कर कुणाला आणणार असाल तर फोल्डिंगचं छोटं स्टूल सोबत ठेवा, मावशीचे गुडघे शेवटी फार दुखले. बुकिंग करताना "गाईड आर्किटेक्ट आहे का" आणि "ग्रुप किती जणांचा" हे दोन प्रश्न आधी मेसेज करून विचारा, उत्तर टाळलं तर दुसरा वॉक बघा.